चाळीस मिनिटं

शनिवार. सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी तसेच,
आणि आम्ही महापालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये,
सामाजिक शास्त्रांचे चव्वेचाळीस शिक्षक,
सहावीच्या बाकांत गुडघे कोंबून.
हजेरीपटावर सह्या झाल्या, पोहे झाले,
'सक्षमीकरण' हा शब्द तीनदा होऊन गेला.

मग तन्वीर मुजावर उभा राहिला. वय असेल तिशीचं,
शर्टाच्या खिशाला शाईचा डाग.
प्रोजेक्टर चालेना, त्याला त्याची खंत दिसली नाही.
प्रत्येक गटापुढे त्यानं एकेक कागद ठेवला:
कुणाला वीजबिल, कुणाला बहात्तर सालचं रेशनकार्ड,
कुणाला कसल्याशा मोर्च्याचा फोटो, चेहरे पुसट.
म्हणाला, चाळीस मिनिटं फक्त विचारायचं.
उत्तर कुणीच द्यायचं नाही.

उपवास परवडला, त्यात साबुदाणा तरी चालतो.
तिसऱ्या मिनिटाला बोधे सरांनी मोर्च्याचं साल सांगून टाकलं,
कारणं तीन, परिणाम चार.
हसलो सगळे, पण हात सगळ्यांचेच शिवशिवत होते.
प्रश्न दिसला की खडू उचलायचा
आणि सांडलेल्या दुधावर फडकं टाकावं
तसं त्यावर उत्तर टाकायचं.

आमच्या गटाला नकाशा आला.
पुण्याचा, झेरॉक्सवरून काढलेली झेरॉक्स,
त्यात एकच रेघ ठळक उरलेली: कालवा.
खडकवासल्याहून पर्वतीच्या पायथ्याशी,
मग स्वारगेट, मग हडपसर, मग कागदाबाहेर.
नाझनीन तांबोळीनं लिहिलं, ही रेघ कुणी ओढली?
पानवलकर बाईंनी लिहिलं, काठावर आधी कोण राहत होतं?
माझं पेन हलेना.

ती रेघ मला ओळखत होती.
अकरा वर्षांपूर्वी, सातवी ब, शेवटून दुसरा बाक,
शरणप्पा हिरेमनी. गळ्यात घराची किल्ली.
पाठ स्थानिक शासनाचा. त्यानं हात वर केला:
बाई, कालवा आमच्या दारातनं जातोय,
मग आमचं पाणी टँकरनं का येतंय?
वर्ग हसला नाही. वर्ग वाट बघत होता.
मी घड्याळ बघितलं.
म्हटलं, हे परीक्षेला येत नाही. बस.

तो बसला. मग बसूनच राहिला.
दहावीपर्यंत पोचला का, कोण जाणे.
तेही परीक्षेला नव्हतं.

शेवटी अभिप्रायाचा फॉर्म आला.
उपयुक्तता: अतिशय, बऱ्यापैकी, नाही. योग्य तिथे खूण करा.
मी मागच्या कोऱ्या बाजूवर त्याचा प्रश्न लिहिला,
त्याच्याच बोलीत,
आणि फॉर्म परत दिलाच नाही.

मंगळवारी मुख्याध्यापकांची सही, पालकांच्या चिठ्ठ्या,
दोघादोघांच्या रांगेत आम्ही कालव्याच्या जाळीपाशी.
पाण्यावरून थर्माकोलची ताटली गेली,
मग झेंडूचा हार, मग नुसतं पाणी.
मुलं गप्प. त्यांना तरी कुठे सवय.
बऱ्याच वेळानं आरजू भिसे म्हणाली, बाई, हे पाणी कुणाचं?
आणि मग एकदम दहा तोंडं:
रात्री बंद करतात का? चावी कुणाकडे असते?
धरण झालं तेव्हा तिथली गावं कुठे गेली?
पलीकडच्या सोसायटीतल्या पोहायच्या तलावाला कुठलं पाणी?
आजोबा म्हणतात इथं बायका कपडे धुवायच्या,
मग ही जाळी नेमकी कुणाला घाबरून बसवली?

खडू जवळ नव्हता. बरंच झालं.
म्हटलं, मला माहीत नाही.
कुणाला विचारता येईल?

एवढं बोलायला एकवीस वर्षं नोकरी लागली,
आणि समोर चष्म्याची दांडी चिकटपट्टीनं जोडलेला इर्शाद
डोळे बारीक करून म्हणाला,
बाई, खरंच माहीत नाही,
की ट्रेनिंगमध्ये असं म्हणायला शिकवलंय?